माडाला बांधलेली तार
(संस्थेच्या वार्षिक समारंभात मालवण येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. माझी उमेद जहाजावरच्या एका लहानशा खोलीत, कानाला हेडफोन लावून दुसऱ्याचे ऐकण्यात गेली. व्यापारी जहाजांवर मी रेडिओ ऑफिसर होतो. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभरच्या जहाजांवर संकटसूचनेची नवी, उपग्रहांची मदत घेणारी पद्धत पूर्णपणे लागू झाली, मोर्सची टिकटिक थांबली आणि माझ्यासारखे लोक किनाऱ्याला लागले. घरी आल्यावर मी हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याचा परवाना घेतला आणि जुना छंद परड्यात पुन्हा सुरू केला.

काही दिवसांपूर्वी आपल्या शाळेतील चार मुले माझ्याकडे आली. म्हणाली, "चाचा, आम्हालाही हॅम रेडिओ करायचा आहे. घरावर टॉवर किती फूट उंच बांधू?" मी त्यांना ओटीवर बसवले, सरबत दिले आणि म्हटले, "टॉवरचे मागाहून बघू. आधी मला सांगा, तुमच्या परड्यात माड किती आहेत?" मुले एकमेकांकडे बघू लागली. त्या प्रश्नाचा अर्थ काय, हेच आज मला आपणा सर्वांसमोर मांडायचे आहे.

माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, आपल्या घरांतून व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ होते. रेडिओ घरात आला की पहिले काम एरियलचे. घराच्या आढ्यापासून समोरच्या माडापर्यंत तांब्याची तार ताणायची, दोन्ही टोकांना चिनीमातीच्या गुंड्या अडकवायच्या आणि एक फाटा खिडकीतून आत घ्यायचा. तेव्हा साध्या रेडिओलाही पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. १९७७ साली आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र सुरू होण्यापूर्वी आपण मुंबई नाही तर पणजी ऐकत होतो, ते या तारेच्या जोरावर. पुढे टीव्ही आला, तेव्हा पणजीचे चित्र पकडण्यासाठी लोकांनी लांबलचक पाईप उभे केले. एक मुलगा कौलांवर पाईप फिरवतो आहे, दुसरा खळ्यात उभा, तिसरा टीव्हीसमोर, आणि "इलां काय?" "नाय, जरा डावीकडे!" असा पुकारा चालला आहे, हे दृश्य घरोघरचे होते. त्या पाईपवरच्या आडव्या नळ्यांच्या अँटेनाचा शोध जपानात उदा आणि यागी या दोघा शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास लावला होता. सांगायचे काय, तर एरियल ही वस्तू आपल्याला परकी नाही. विसर पडला आहे इतकेच.

आता कोणी विचारील, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हे खटाटोप कशाला? याला उत्तर म्हणून मी मे २०२१ ची आठवण देतो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. ते जमिनीवर चढले गुजरातेत, १७ तारखेच्या रात्री. पण जाता जाता त्याने आपल्या मालवण, देवगड, वेंगुर्ले तालुक्यांची जी दशा केली ती आपण पाहिली आहे. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली आणि वीज नसल्यामुळे मोबाईल मुके झाले. मोबाईलचा टॉवर उभा असला तरी त्याच्या पायथ्याच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, जनरेटरला डिझेल लागते, आणि रस्त्यावर झाडे पडलेली असली तर डिझेल घेऊन जाणार कोण? आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे हाच अनुभव दिला होता.

तौक्ते येणार हे कळताच मी आदल्या दिवशी माझी तार उतरवून गुंडाळली, रेडिओ पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला. वारा ओसरल्यावर परड्यात गेलो तर ज्या माडाला मी तार बांधत असे, तोच मुळासकट आडवा. पण तार माझ्या हातात होती. उरलेल्या एका माडावरून आणि फणसाच्या फांदीवरून दोरी टाकली, शेजारचा मुलगा मदतीला आला, आणि पंधरा-वीस मिनिटांत तार वर गेली. उंची किती? दोन पुरुष. मोटारीची बॅटरी जोडली आणि हाक दिली. घाटावरच्या एका हौशी मित्राने उत्तर दिले. त्याचा फोन चालू होता. आमच्या वाडीतल्या चार घरांची "सर्व सुखरूप आहेत" एवढीच वार्ता मी त्याला दिली, त्याने मुंबईला फोन केले. त्यातल्या एका घरचा मुलगा कुवेतला होता. दोन दिवस त्याला आईचा आवाज ऐकायला मिळाला नव्हता. मुंबईच्या भावाकडून त्याला निरोप पोचला तेव्हा तो कामावर बसून रडला, असे त्यानेच मला नंतर सांगितले. मी काही मोठे केले नाही. माझ्यापाशी टॉवरही नव्हता. एक तार होती आणि ती वेळेवर उतरवलेली होती.

टॉवरचा मोह जुना आहे. मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे संदेश धाडायचे ठरवले तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्धू येथे वीस डोलकाठ्यांचे रिंगण उभारले. प्रत्येक काठी २०० फूट. सप्टेंबर १९०१ च्या वादळात ते सगळे कोसळले. अमेरिकेत केप कॉड येथे असेच रिंगण होते, तेही नोव्हेंबरात पडले. मार्कोनी खचला नाही. त्याने पोल्धूला दोन काठ्यांवर साधा तारांचा पंखा उभारला, स्वतः न्यूफाउंडलंडला गेला, तिथे पतंगाला सुमारे ५०० फूट तार बांधली, आणि १२ डिसेंबर १९०१ रोजी त्या तारेवर मोर्सचे तीन ठिपके ऐकू आल्याचे जाहीर केले. चाळीस डोलकाठ्यांनी जे साधले नाही ते पतंगाने साधले. या गोष्टीतले मर्म माझ्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

आता उंचीचा हिशोब पाहू. रेडिओच्या लहरी दोन तऱ्हेने जातात. होडीवर असतात त्या व्हीएचएफ सेटच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, म्हणून अँटेना जितका उंच तितके लांबचे "दिसते". ढोबळ नियम असा, की उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१ ने गुणावे. क्षितिज किती किलोमीटरवर ते कळते. ९ मीटर उंचीला १२ किलोमीटर. हेच अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट, म्हणजे ३६ मीटर लागते. चौपट लोखंड, चौपटीहून अधिक खर्च, आणि धोका विचारूच नका. त्यापेक्षा देवाने बांधून ठेवलेला टॉवर आपल्या पूर्वेला उभा आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे. तिथल्या कड्यावरून हाच हिशोब शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, आणि मालवण तर तिथून सरळ रेषेत साठेक किलोमीटर.

दुसऱ्या तऱ्हेच्या लहरी आभाळातून परत येतात. जमिनीपासून अडीचशे ते चारशे किलोमीटरवर विद्युत्भारित हवेचा एक थर आहे. लघुलहरी त्याच्यावर आपटून खाली येतात. बागेत शिंपायची नळी तिरपी धरली की पाणी लांब जाते, सरळ वर धरली की आजूबाजूलाच पडते. उंच अँटेना नळी तिरपी धरतो. अमेरिका, जपान बोलते. जमिनीपासून जेमतेम आठ-दहा मीटरवर ताणलेली आडवी तार नळी वर धरते. तिचा आवाज सरळ आभाळात जाऊन तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात खाली उतरतो. मध्ये सह्याद्री असला तरी अडचण नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून येते. मालवणहून कोल्हापूर सुमारे एकशेदहा किलोमीटर, मुंबई सुमारे तीनशेचाळीस. संकटाच्या वेळी आपल्याला बोलायचे असते ते याच गावांशी. तेव्हा मुलांनो, आपल्या गरजेला उंच टॉवर नुसता महागच नाही, तो बऱ्याच वेळा कमी उपयोगाचा आहे.

ही तार करायची कशी ते थोडक्यात सांगतो. १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. दिवसा आपल्या कामाची कंप्रता ७.१. भागाकार येतो सुमारे २०.१ मीटर. म्हणजे दहा-दहा मीटरचे दोन हात, मध्ये एक गुंडी, आणि त्या मध्यावरून खाली रेडिओकडे येणारी कोऍक्सियल केबल. रात्री ३.६ च्या आसपास जावे लागते. तेव्हा तार सुमारे चाळीस मीटर. तार प्रथम वीतभर जास्त ठेवावी, वर चढवून मापकावर पाहावे आणि बोटाबोटाने दोन्हीकडून सारखी कमी करावी. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, हे शिंपी आणि रेडिओवाला दोघांनाही लागू आहे.

परड्यात दोन माड योग्य अंतरावर असले तर काम झाले. माडाला खिळा मारू नये. दोरीचा फास करावा, त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालावेत म्हणजे खोड कापत नाही. वर चढायचे काम पाडेलीला सांगावे, आपण वीर बनू नये. फास शेंड्याच्या बराच खाली असावा, कारण शेंडा फार झुलतो आणि झाप पडला की तार घेऊन जातो. एका टोकाला कप्पी लावून दोरी तिच्यातून खाली सोडावी आणि तिला वजनाला दगड बांधावा. माड डोलला की दगड खालीवर होतो, तार तुटत नाही. दोरी मासेमारीच्या दुकानातली नायलॉनची घ्यावी. ती वीजवाहक नाही, समुद्राच्या हवेत टिकते, आणि तिची पारख करणारे लोक आपल्या शेजारीच आहेत. तारेची टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर ठेवावीत. रेडिओ बोलत असताना टोकांवर दाब मोठा असतो, बोट लागले तर भाजते.

माड नसतील त्यांनी मध्ये एक काठी उभी करावी आणि तारेचे दोन्ही हात तंबूसारखे उतरते बांधावेत. आठ-नऊ मीटरचा मजबूत बांबू किंवा ऍल्युमिनियमचा पाईप पुरे. पण इथूनच धोक्याचा प्रांत सुरू होतो, म्हणून मी जरा थांबून बोलतो.

काठी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, ती ताणांवर उभी राहते. दांडीवरचा एक म्हातारा तांडेल मला लहानपणी म्हणाला होता, "काठी उंच केलंस म्हणान होडी धावणा नाय, झिला. ताण बरे व्हये." ताण तीन दिशांना, एकमेकांपासून सारख्या कोनात असावेत. काठी नऊ मीटर असेल तर ताणांचे खुंट बुंध्यापासून सहा-सात मीटरवर. खुंट जमिनीत पक्के गाडलेले असावेत. गडग्याचा दगड, पपईचे झाड, न्हाणीघराचा वासा हे खुंट नव्हेत.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे २४ किलोचा रेटा देतो. वेग दुप्पट झाला, ताशी १४४, की रेटा चौपट, ९८ किलो. भारतीय मानकांत आपल्या शेजारच्या पणजीसाठी हिशोबाला सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरचा वारा धरतात. आपणही तोच धरावा. एक नऊ मीटरचा साधा पाईप अशा वाऱ्यात चाळीस-पन्नास किलोचा रेटा खातो. तुम्ही वर आडव्या नळ्यांचा मोठा अँटेना चढवला तर काय होईल ते गणिताच्या सरांना विचारा. खरा टॉवर, कैच्यांचा, काँक्रिटच्या पायावरचा, हवाच असेल तर तो इंजिनिअरकडून आखून घ्यावा. ते घरचे काम नव्हे.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

मी सतरा वर्षांचा होतो. ऑक्टोबरचा महिना, दुपारची वेळ. मी आणि माझा एक जिवलग मित्र, आम्ही तीन लोखंडी पाईप एकात एक घालून तीस फुटांची काठी केली. वडीलधारे घरी नव्हते, हीच आमची सोय. दोन ताण माडांना बांधले आणि तिसरा, माझ्या अकलेने, गडग्याच्या दगडाला. काठी उभी राहिली. आम्ही दोघे हसलो, टाळ्या दिल्या. मग जरा वारा आला, दगड घसरला आणि काठी कलू लागली. मित्र बुंध्याशी होता. "सोड" म्हणून ओरडायला मला सुचले नाही, मी ओरडलो "धर!" त्याने धरली. काठी घराकडे येणाऱ्या विजेच्या तारेवर गेली.

अल्लाच्या कृपेने तो वाचला. धक्क्याने मागे फेकला गेला म्हणून वाचला. पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकली. पुढे त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून परीक्षा दिली. त्याच्या वडिलांनी मला एक शब्द लावला नाही. रात्री आमच्या घरी आले, माझ्या बाबांशेजारी बसले आणि म्हणाले, "पोरांना करायचे ते करतील. शिकवायला कोणी मोठा माणूस जवळ नव्हता, ही चूक आपली." मित्रहो, पन्नास वर्षे उलटून गेली, ते वाक्य माझ्या कानातून गेलेले नाही. आज मी इथे उभा आहे तो त्या वाक्याचे कर्ज फेडायला.

म्हणून माझे नियम पाठ करा. पहिला, काठी कोणत्याही दिशेला सपाट पडली तरी तिचे टोक किंवा तिची तार विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. काठीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळे नसेल तर तिथे काठी नाही. दुसरा, विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून एरियल कधीही नेऊ नये. तिसरा, काठी पडू लागली तर धरायची नाही, सोडून पळायचे. पाईप शंभर मिळतात. चौथा, उभारताना एकच माणूस हुकूम देईल, बाकीचे ऐकतील, आणि काठीच्या खाली कोणी उभा राहणार नाही. पाचवा, ओला बांबूही वीज नेतो. लाकूड म्हणून विश्वास टाकू नये. आणि सहावा, मोठे माणूस हजर असल्याशिवाय काहीही उभारायचे नाही.

यानंतर आभाळातली वीज. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळिवात आणि परतीच्या पावसात, संध्याकाळी पूर्वेकडे काळे भरून येते, तेव्हा तिचा जोर असतो. रेडिओत कडकड ऐकू येऊ लागली की ती सूचना समजावी. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच केबल रेडिओपासून काढून घराबाहेर, जमिनीशी जोडलेल्या खुंटीवर अडकवावी. वीज तारेवरच पडावी लागते असे नाही. दूर पडली तरी तारेत झटका येतो. आणि वादळ डोक्यावर आले असताना केबल काढायला जाऊ नये, तेव्हा रेडिओ गेला तरी चालेल.

अर्थिंगच्या बाबतीत आपल्या तालुक्यात दोन तऱ्हेच्या जमिनी आहेत. देवबाग, तारकर्ली, दांडीच्या वाळूत थोड्या खोलीवर ओल आणि क्षार असतात, तिथे तांब्याची कांब चांगली लागू पडते. कातळावरची गोष्ट वेगळी. जांभा मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो, वीज त्यात मुरत नाही. तिथे एका कांबेवर भागत नाही. मातीचा भाग शोधून चार-पाच कांबी एकमेकींना जाड तारेने जोडाव्यात आणि त्या तारेला उगाच वळणे देऊ नयेत. हे काम जाणत्या वायरमनच्या देखरेखीखाली करावे, कारण घरच्या अर्थिंगशी त्याचा मेळ असावा लागतो.

आपला तिसरा शत्रू खारी हवा. जिथे दाराची बिजागरी चार पावसाळ्यांत खाऊन जाते तिथे नट-बोल्ट काय टिकणार? लोखंड जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. तांबे हिरवे पडते, म्हणून सांधे डाख देऊन रबरी टेपने बंद करावेत. केबलच्या तोंडातून पाणी शिरले की ती आतून कुजते आणि वरून दिसत नाही. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाते. दर सहा महिन्यांनी ताण, गाठी, सांधे हाताने तपासावेत.

पण सर्वांत मोठी शिकवण आपल्या मच्छिमार बांधवांकडून घ्यायची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या त्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून, वर झाप घालून शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला की पुन्हा पाण्यात. होडी बाहेर काढली म्हणून कोणी नाखव्याला भित्रा म्हणत नाही. तसेच काठी मृग नक्षत्रापूर्वी आडवी घालावी, आणि वादळाची सूचना आली की महिना कोणताही असो, तार उतरवावी. जहाजावर आमच्याकडे जादा एरियल जोडून, गुंडाळून तयार ठेवलेले असे. मुख्य एरियल गेले तर ते चढवायचे. घरीही तसेच एक गुंडाळे असावे: तार, केबल, दोन दोऱ्या, दोन वजने. मी मुलांना नेहमी सांगतो, जी तार तुम्ही पाव तासात उतरवू शकता आणि पाव तासात चढवू शकता, ती खरी तुमची तार. जी उतरवता येत नाही ती वाऱ्याची.

कायद्याविषयी दोन शब्द. ऐकण्यासाठी तार बांधणे वेगळे आणि बोलणे वेगळे. बोलायचे तर केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्याला ती देता येते. वरच्या श्रेणीसाठी मोर्सचीही परीक्षा असते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावेत. परवान्याशिवाय बटण दाबणे हा गुन्हा आहे. या रेडिओवर धंदा करता येत नाही, गुप्त भाषा चालत नाही. मासळीचा भाव सांगायला तो नव्हे. काठी उभारण्यापूर्वी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करावी. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथे आपला विमानतळ सुरू झाला. विमानतळाच्या आसपास उंचीवर निर्बंध असतात, हेही विसरू नये. आणि कागदोपत्री कुठेही लिहिलेले नसले तरी एक परवानगी आवश्यक, ती शेजाऱ्याची. त्याला परड्यात बोलवावे, तार दाखवावी, हेडफोन कानाला लावून द्यावा. ज्याने एकदा ऐकले तो पुढे तक्रार करीत नाही, तो ताण धरायला येतो.

या छंदात राजे-महाराजे होते. जॉर्डनचे राजे हुसेन आणि ओमानचे सुलतान काबूस हे दोघेही हौशी रेडिओवर बोलत. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी परवानाधारक होते. पण मुलींनी विशेष लक्षात ठेवावे असे नाव भारती प्रसाद यांचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्या अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवायला गेल्या होत्या. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली, बेटांचे फोन बंद पडले. जगभरच्या हौशी लोकांशी गप्पा मारायला नेलेला रेडिओ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या खुशालीचे निरोप पोचवायला लावला. तयारी छंदासाठी होती, कामाला आली ती संकटात.

अध्यक्षसाहेब, संस्थेकडे माझे एक मागणे आहे. मला शाळेवर टॉवर नको. मला शाळेच्या आवारातले दोन माड हवेत, प्रयोगशाळेचा एक कोपरा आणि आठवड्यातला एक तास. पहिले वर्ष मुले-मुली फक्त ऐकतील. जहाजावर आम्ही तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटे संकटाच्या लहरीवर गप्प बसून कान देत होतो, कोणी बुडणारा मंद आवाजात हाक मारत असेल म्हणून. बोलण्यापूर्वी ऐकणे हा या विद्येचा पहिला धडा आहे. दुसऱ्या वर्षी परीक्षा. तिसऱ्या वर्षी, इन्शाल्ला, आपल्या किनाऱ्यावरच्या दोन-चार गावांत अशी एक-एक तार गुंडाळून ठेवलेली असेल आणि ती चढवणारे हात असतील. शिकवायला मी येईन. माझा तो मित्रही यायला तयार आहे. त्याने मला काल सांगितले, "पहिला तास मी घेणार. मुलांना माझी बोटे दाखवणार आणि मगच दोरी हातात देणार."

तेव्हा पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी परड्यात तार घेऊन उभी दिसली तर रागावू नका, आणि एकटेही सोडू नका. जवळ जाऊन उभे राहा. दोरीचे एक टोक तुम्ही धरा.